टॉम मिक्स खरंच काउबॉय होता, की सगळी जाहिरातबाजी?

वाचनालयबाई (सोलापूर)

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या माडीवर महिन्यातून एकदा आम्ही जुना सिनेमा दाखवतो. पडदा म्हणजे चुना मारलेली भिंत. प्रेक्षकांत निवृत्त मास्तर, बँकेतले दोघं-तिघं आणि परीक्षा नसली की माझी अकरावीची पोरं. चॅप्लिन झाला, कीटन झाला. आता पोरांनी धोशा लावलाय, "मॅडम, घोडेवाला पिक्चर दाखवा की."

म्हणून टॉम मिक्सवर, म्हणजे मूकपटांच्या काळातल्या अमेरिकन काउबॉय नटावर, वाचायला घेतलं आणि चक्रावले. एका ठिकाणी लिहिलंय, जन्म टेक्सासचा, बोअर युद्धात लढला, चीनमध्ये बॉक्सर बंडात गोळ्या खाल्ल्या. दुसरीकडे लिहिलंय की तो पेनसिल्व्हेनियाचा, आणि लष्करातून पळालेला! सुरुवातीला पाच मिनिटं ओळख करून द्यायची असते मला. मास्तर लोक चुकीला सोडत नाहीत, त्यामुळे खरं काय ते सांगा.

दुसरं, याचे २९० च्या आसपास सिनेमे म्हणतात. मग शोधायला गेलं तर मोजकेच का सापडतात? आणि त्यातला कुठला दाखवू?

चटणीभाकरी

मिक्स कशाला? त्याच काळातला दुसरा काउबॉय नट विल्यम हार्ट दाखवा. मिक्स म्हणजे सर्कस. पांढरी हॅट, नक्षीदार शर्ट, हातमोजे. दिवसभर धुळीत घोडा पळवून शर्टाची इस्त्री मोडत नाही त्याच्या.

केबिनवाला (सोलापूर)

मॅडम, मी टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. प्रोजेक्टरच्या दिव्यात कार्बनच्या कांड्या जाळून पिक्चर चालवलेल्या शेवटच्या पिढीतला. आता गुडघ्यांनी राजीनामा दिलाय, पण या विषयावर गप्प बसवत नाही. जरा लांबेल, चालवून घ्या.

टेक्सासवाला कागद आधी बाजूला ठेवा. थॉमस हेझिकाया मिक्स, जन्म ६ जानेवारी १८८०, गाव मिक्स रन, राज्य पेनसिल्व्हेनिया. पूर्वेकडचा, लाकूडतोडीचा मुलूख तो. काउबॉयचा तिथे काय संबंध! बाप एका श्रीमंत लाकूड व्यापाऱ्याच्या तबेल्यावर होता, म्हणून पोराला लहानपणापासून घोडे मिळाले एवढंच. १८९८ ला स्पेनशी युद्ध लागलं तेव्हा हा लष्करात भरती झाला. तोफखान्यात पडला, लढाई काही वाट्याला आली नाही. १९०२ मध्ये लग्न केलं, रजेवर गेला तो परत फिरकलाच नाही. दफ्तरात नोंद फरारी अशी. खटला मात्र कधी चालला नाही. आणि गंमत बघा, १९०५ ला थिओडोर रूझवेल्टच्या शपथविधीची मिरवणूक निघाली, तिच्यात काउबॉयांच्या पथकात घोड्यावर बसून हा फरारी गडी थेट राष्ट्राध्यक्षासमोरून गेला. काय छाती म्हणायची!

बोअर युद्ध, बॉक्सर बंड वगैरे सगळं पुढचं. थोडं स्टुडिओच्या प्रसिद्धीवाल्यांनी रचलं, थोडं त्याने स्वतः. एकदा थाप चालली की माणूस दुसरी मारतो. मला याचाच राग येतो, कारण त्याला गरजच नव्हती. ओक्लाहोमात जाऊन त्याने आधी बारमध्ये पेले धुतले असतील, पण नंतर मिलर बंधूंच्या १०१ रँचवर तो खरा कामाला होता. तिथला वाइल्ड वेस्ट शो गावोगाव फिरायचा, त्यात घोडेस्वारी, दोर टाकून जनावर पकडणं, हे सगळं रोजच्या रोज पब्लिकसमोर करावं लागे. ड्युई नावाच्या गावात काही काळ रात्रीच्या गस्तीचा मार्शलही होता. १९१० च्या सुमाराला सेलिग पॉलिस्कोप कंपनीला जनावरं सांभाळणारा आणि घोड्यावर पक्का बसणारा माणूस हवा होता, तिथून हा सिनेमात आला. म्हणजे काउबॉय तो झाला, जन्मला नव्हता. आपल्याकडे पहिलवानाचा जन्म कुठल्या गावात झाला हे कोण विचारतं? तालीम कुठली ते विचारतात.

सेलिगकडे १९१७ पर्यंत त्याने एक रिळाची, दोन रिळांची पिक्चर खंडीने काढली. हजार फुटांचं एक रीळ, चालायला दहा ते पंधरा मिनिटं. बरीचशी त्याने स्वतः लिहिली, स्वतः दिग्दर्शित केली. अभिनय म्हणाल तर बेताचाच. पण कॅमेऱ्यापुढे पडायचं कसं, घोड्यावरून धावत्या गाडीत चढायचं कसं, हे तो तिथे शिकला. १९१७ ला फॉक्सने उचलला, आणि पुढची दहा-अकरा वर्षं म्हणजे विचारू नका. १९२५ च्या आसपास आठवड्याला १७,५०० डॉलर पगार. आठवड्याला म्हणतोय मी, वर्षाला नव्हे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तो माझ्या धंद्यातला आहे. सिनेमे गेले कुठे? जळाले.

त्या काळची फिल्म नायट्रेटची. सेल्युलोज नायट्रेट म्हणजे स्फोटक कापसाचा सख्खा भाऊ. मी धंद्यात आलो तोवर ती बंद पडून जमाना झाला होता. १९५० नंतर सगळीकडे सहजासहजी न पेटणारी सेफ्टी फिल्म आली. पण माझ्या उस्तादांनी नायट्रेट हाताळलेली. केबिनमध्ये नवा पोऱ्या आला की त्यांचा एक विधी असायचा. जपून ठेवलेल्या जुन्या फिल्मचा बोटभर तुकडा पत्र्याच्या झाकणात ठेवायचे, काडी लावायचे आणि पोऱ्याच्या हातात पाण्याचा तांब्या देऊन म्हणायचे, "विझव." ज्वाळा पिवळीजर्द, आवाज भुस्सकन. पाणी ओतलं तरी तुकडा जळतच राहायचा, कारण जळायला लागणारा प्राणवायू त्याच्या पोटातच असतो. माझ्या वेळेला त्यांनी झाकण खिडकीजवळ ठेवायला सांगितलं आणि स्वतः दाराबाहेर उभे राहिले, यावरून काय ते समजा. त्यानंतर केबिनमध्ये बिडी ओढायचं माझ्या कधी मनात आलं नाही.

नुसती ठेवली तरी ती बिघडते. आधी चिकट होते, मग फुगते, शेवटी डबा उघडला तर आत तपकिरी भुकटी. बिघडताना वायू सोडते, आणि बंद खोलीत उष्म्याने आपोआप पेट घेऊ शकते. नेमकं तेच झालं. न्यू जर्सीमध्ये लिटल फेरी नावाच्या गावात फॉक्सची रिळं ठेवायचं गोदाम होतं. ९ जुलै १९३७, उन्हाची लाट चाललेली, खोल्यांना धड वारा नाही. पहाटेच्या अंधारात पेटलं आणि फॉक्सच्या मूकपटांचा बहुतेक सगळा साठा गेला. एक मुलगाही दगावला त्यात. मिक्सचे ऐंशीहून जास्त सिनेमे फॉक्सचे, त्यांच्या मूळ निगेटिव्ह तिथेच. मागे राहिलेल्या राखेत चांदी असते ना, ती काढायला सगळा ढिगारा भंगारात गेला. मॅडम, आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेत असलं गोदाम असतं तर जुलैपर्यंत थांबलंच नसतं!

अमेरिकेला हसू नये. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेटचा साठा पेटला, तेव्हा आपलीही जुनी पिक्चर गेली.

म्हणजे हिशेब असा उलटा झाला. त्याच्या थापा छापील कागदावर होत्या, त्या टिकल्या. घोड्यावर तो खरोखर काय करायचा ते फिल्मवर होतं, ते गेलं. म्हणून आज लोक म्हणतात, टॉम मिक्स म्हणजे थापाड्या.

जे वाचलं त्यातलं 'द ग्रेट के अँड ए ट्रेन रॉबरी' दाखवा, १९२६ चं. तासाभराच्या आतलं आहे. कोलोरॅडोच्या डोंगरात खऱ्या रेल्वेवर काढलेलं. सुरुवातीलाच मिक्स कड्यावर दोराला लटकून दरोडेखोरांचं बोलणं ऐकतो, आणि तिथून घसरत खाली उभ्या घोड्यावर येतो. पोरं शिट्ट्या मारतील, आधीच सांगून ठेवतो. 'स्काय हाय' हेही आहे, १९२२ चं, ग्रँड कॅनियनमध्ये काढलेलं, अमेरिकेच्या राष्ट्रीय यादीत जतन केलेलं. नजारे भव्य, पण गोष्ट परदेशी माणसांना चोरून सीमेपार आणणाऱ्यांची. त्यातला चिनी लोकांबद्दलचा सूर आज खटकतो. दाखवलंत तर आधी दोन शब्द बोला.

अकलूजकर

घोड्याचा विषय निघालाय आणि घोड्याचं नाव कुणी घेत नाही! टोनी. तांबूस रंग, तोंडावर पांढरा पट्टा. ६०० डॉलरला घेतला म्हणतात. १९२२ ला 'जस्ट टोनी' म्हणून घोड्याच्याच नावाचं पिक्चर काढलं, यात काय ते आलं.

आमच्या घरात तीन पिढ्या घोडी आहेत. अकलूजचा बाजार आम्ही कधी चुकवत नाही, आणि पालखी आमच्या तालुक्यात आली की रिंगणाला जातोच. म्हणून सांगतो, लांब उडीचं लोकांना जे अप्रूप वाटतं ते मला वाटत नाही. टोनीची म्हणून एक उडी फार गाजली. 'थ्री जम्प्स अहेड', १९२३, जॉन फोर्डचा सिनेमा. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला बील्स कट म्हणून डोंगर कापून काढलेली अरुंद खिंड आहे, तिच्यावरून घोडा पार जातो. सिनेमा हरवला, फोटो राहिला. अंतर वीसेक फूट सांगतात. अहो, घोड्याच्या लांब उडीचा विक्रम ८.४० मीटरचा आहे, म्हणजे सत्तावीस फुटांच्या वर. वीस फूट चांगलं जनावर जाईल. अवघड ते नाही. घोडा जमिनीवरचा चर बघून उडतो, कारण चुकलं तरी पाय टेकतील हे त्याला ठाऊक असतं. खाली दरी दिसली की तो शेवटच्या दोन टापांत आखडतो, आणि आखडला की स्वार पुढं गेलाच. तिथं जो कुणी बसला असेल, त्याच्या मांडीत जोर आणि घोड्याचा त्याच्यावर भरवसा, दोन्ही पाहिजे. 'जो कुणी' म्हणतोय कारण ती उडी मिक्सने मारली की बदली स्वाराने, यावर तिकडं अजून भांडणं आहेत. फोटो नीट बघा. स्वार इतका बारका दिसतो की तो माझा चुलता होता म्हटलं तरी खपेल.

त्यापेक्षा काकांनी सांगितलेलं रेल्वेचं पिक्चर बघा. त्यात घोडा गाडीला लागून पळतो. इंजिनाचा धूर, शिट्टी, रुळांचा खडखडाट, आणि घोड्याचे कान बघा, पुढंच आहेत. भ्यालेल्या घोड्याचे कान मागं पडतात. हे एका दिवसात होत नाही. रिंगणातला अश्व टाळ-मृदंगाच्या गजरात, एवढ्या माणसांतून सुटतो आणि कुणाला धक्का लागत नाही, तो काय जन्मतःच तसा असतो? रोज थोडं थोडं गोंगाटाजवळ न्यावं लागतं, हात मानेवर ठेवून. टोनीमागं तशी मेहनत आहे. स्वार खोटा असता तर घोड्याने पहिल्यांदा सांगितलं असतं.

चटणीभाकरी

घोडा खरा होता हे मान्य. माझा मुद्दा माणसाचा आहे. हार्टचं तोंड बघा, उन्हाने रापलेलं. कपडे मळके, गावं लाकडी फळ्यांची, भणंग. तो वाईट माणूस असतो आणि बदलतो. मिक्सचा नायक पहिल्या रिळापासून इतका चांगला की बदलायला जागाच नाही. दारू पीत नाही, होता होईतो कुणाला मारत नाही. पोरांसाठी ठीक. ('हेल्स हिंजेस' बघा, १९१६ चं. शेवटी अख्खं गाव पेटवतो हार्ट!)

केबिनवाला (सोलापूर)

चटणीभाकरी, हार्टबद्दल माझं काही वाकडं नाही. पण जन्माचा दाखलाच मागायचा तर हार्टही न्यूयॉर्क राज्यातला, १८६४ चा. शेक्सपियरची नाटकं करणारा रंगभूमीवरचा नट. १८९९ ला 'बेन हर' नाटकात मेसाला केलेला. सिनेमात आला तेव्हा पन्नाशीला टेकलेला होता. मळके कपडे हाही पोशाखच असतो हो, फक्त धुतलेला नसतो.

बघणाऱ्यांचं म्हणाल तर महायुद्ध संपल्यावर लोकांना हार्टचं ते दुःखी तोंड नकोसं झालं. त्यांना वेग हवा होता, हसू हवं होतं. मिक्सने ते दिलं. हार्टने १९२५ ला 'टम्बलवीड्स' काढलं आणि थांबला. दोघांत वैर होतं असं मात्र नाही. १९२९ च्या जानेवारीत वायट अर्प वारला, टूमस्टोन गावच्या गाजलेल्या गोळीबारातला तो जुना मार्शल, तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेत शवपेटी धरणाऱ्यांत हार्टही होता आणि मिक्सही. खरा मार्शल पेटीत आणि पडद्यावरचे दोघं बाहेर.

वाचनालयबाई (सोलापूर)

काका, अकलूजकर, चटणीभाकरी, सगळ्यांचे आभार. पाच मिनिटांची ओळख आता पंधराची होणार! 'ट्रेन रॉबरी' नक्की करते. दोन गोष्टी राहिल्या. बोलपट आल्यावर याचं काय झालं? मास्तर विचारणारच. आणि काका, ही जुनी पिक्चर लावली की माणसं तुरुतुरु चालतात, पोरं उगीच हसतात. त्याला इलाज आहे का?

केबिनवाला (सोलापूर)

बोलपटाचं पटकन सांगतो, कारण तो भाग मला फारसा आवडत नाही. १९२८ ला फॉक्सशी संपलं. बोलपटाची लाट आलेली, उघड्या मैदानात आवाज पकडणं त्या यंत्रांना जमत नव्हतं, त्यामुळे काउबॉय पिक्चर आता कोण काढणार असं सगळ्यांनाच वाटलं. एफबीओ कंपनीकडे काही मूकपट केले, मग सर्कशीत गेला. १९२९ ला शेअरबाजार कोसळला त्यात बराच पैसा बुडाला. १९३२ ला युनिव्हर्सलने बोलावलं, 'डेस्ट्री राइड्स अगेन' हा त्याचा पहिला बोलपट. एकूण नऊ झाले. आवाज जाडाभरडा, वय पन्नाशीपार, अंगात मोडलेली हाडं किती त्याची गणती नाही. टोनीही तेव्हाच निवृत्त झाला, त्याच्या जागी टोनी ज्युनिअर. १९३५ ला 'द मिरॅकल रायडर' ही पंधरा भागांची मालिका केली, तेवढंच शेवटचं. त्यातून आलेले पैसे स्वतःच्या सर्कशीत घातले, ती १९३८ पर्यंत चालली. रेडिओवर त्याच्या नावाचा कार्यक्रम लागायचा, त्यात आवाज दुसऱ्याचा. नाव विकत दिलं होतं फक्त. म्हणजे आवाजाच्या जमान्यात तो कमावत होता तो आवाज न देता!

१२ ऑक्टोबर १९४० ला ॲरिझोनात फ्लॉरेन्स गावाजवळ गाडी भरधाव चाललेली. पुढे पुलाचं काम चालू होतं, रस्ता अडवलेला. ब्रेक मारला, गाडी ओढ्याच्या पात्रात गेली. मागे ठेवलेली धातूची पेटी डोक्यात बसली. साठ वर्षांचा होता. टोनी त्याच्यानंतर दोन वर्षांनी गेला. आणि एक, मास्तरांना हे आवडेल: १९२६ च्या उन्हाळ्यात फॉक्सच्या सामानखात्यात हमाली करायला फुटबॉल खेळणारी कॉलेजची पोरं लावली होती, मिक्सला सामन्यांची चांगली तिकिटं मिळाली त्याच्या बदल्यात. त्यातला एक पोरगा पुढे काउबॉय पिक्चरांचा मोठा नट जॉन वेन झाला.

आता वेगाचं. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे. सेकंदाला १६ चित्रं घेतली, १८ घेतली, कधी २२. बोलपट आल्यावर वेग २४ वर पक्का झाला. १६ ने घेतलेलं २४ ने चालवलं की माणसं तुरुतुरु पळणारच. मात्र १९२६ पर्यंत कॅमेरावाले बऱ्यापैकी वेगात फिरवत होते, त्यामुळे तुमच्या या पिक्चरला फार त्रास होणार नाही. तुमचं कॉम्प्युटरवरून आहे ना? प्लेअरमध्ये वेग कमी करायची सोय असते. चालणारा माणूस बघायचा, घोडा बघायचा नाही. घोड्यावरून वेग ओळखता येत नाही, पळवताना मुद्दाम कमी चित्रं घेऊन त्याला जोर आणायचे. माणूस दारातून नीट चालत आला की तो वेग धरा आणि सोडून द्या. आवाज बंद करायचा. त्यावर कुणीतरी लावलेला पियानो असतो, तो वेग कमी केला की भेसूर होतो.

आणि संगीत हवंच. मूकपट कधी मुका नव्हता. आपल्याकडे पडद्याखाली तबला-पेटीवाले बसायचे.

अकलूजकर

पेटी कशाला, हलगी लावा. घोडा पळायला लागला की हलगीशिवाय जमतच नाही. आमच्याकडं वाजवणारा पोरगा आहे, बाजारात घोडं नाचवताना वाजवतो. नुसती टाप बघून ठेका बदलतो तो.

केबिनवाला (सोलापूर)

हलगी चालेल, पण पाठलाग आणि दोरावरून घसरणं एवढ्यालाच. नायिका आली की पेटी. तासभर हलगी वाजवली त्या माडीवर, तर खालच्या मजल्यावरचे लोक पोलिसात जातील. आणि पोराला पिक्चर आधी एकदा दाखवा, नाहीतर बघत बसेल आणि वाजवायचं विसरेल.

वाचनालयबाई (सोलापूर)

चालेल! शनिवार संध्याकाळ धरू का? काका, माडीचा जिना आहे हो, बारा पायऱ्या. पोरांना सांगते खुर्ची उचलायला.

चटणीभाकरी

मी येतो. पण पुढच्या महिन्यात 'टम्बलवीड्स' लावायचं, आत्ताच सांगतो. १९३९ ला परत लावलं तेव्हा हार्टने सुरुवातीला स्वतः उभं राहून भाषण केलंय, ती प्रत शोधा. म्हातारा रडवतो.

अकलूजकर

शनिवार जमेल. पोराचं जाण्यायेण्याचं भाडं वाचनालयाने द्यायचं, हलगी तापवायला खाली अंगणात शेकोटीपुरती जागा पाहिजे. माडीवर नको, काकांनी एवढं आगीचं सांगितल्यावर.